हलक्या रेट्याचं वजन

वालचंदनगर, तालुका इंदापूर : चांद्रयान-३ च्या तयारीचे दिवस

बारामती मागे टाकून तुम्ही पूर्वेकडे निघाला आहात. काटेवाडी गेली, भवानीनगरला मळीचा वास गाडीत शिरला, लासुर्णे मागे पडलं आणि जंक्शनला गाडी वळली. दुतर्फा ऊस, मध्येच एखादी डाळिंबाची बाग, आणि मग झाडांत वसलेली जुनी औद्योगिक वसाहत. वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या शेडमध्ये पाऊल ठेवताच इथं पोलादाचं काम चालतं हे आधी कानांना कळतं. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग समोर एक प्रचंड कडं दिसतं. उंच माणसानं टाचा उंचावून हात वर केला तरी त्याच्या माथ्याला बोट लागणार नाही. व्यास ३.२ मीटर.

हे एस-२०० बूस्टरच्या कवचाचं अंग आहे. पुढचा, मधला आणि नोझलकडचा असे कवचाचे तीन खंड इथं घडतात आणि इथंच दाबाची परीक्षा देतात. पोलाद मॅरेजिंग जातीचं, हलकं राहूनही अफाट ताण सोसणारं. सांध्यावरून तळवा फिरवून पाहा. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन एलव्हीएम-३ यान उठेल, तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना असे बूस्टर असतील आणि प्रत्येकाच्या पोटात दोनशे टनांहून जास्त घन इंधन असेल.

या गावाचं इस्रोशी नातं सत्तरच्या दशकापासूनचं. ज्यांच्या नावाचं हे गाव, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी काढली. तीच पुढं एचएएल म्हणून वाढली. उसाच्या मुलखातल्या माणसानं विमानं बांधायला घेतली आणि त्याच्या गावानं अग्निबाणांची कवचं घडवली. इंजिन किती रेटा देतं हा प्रश्न या तालुक्याला परका नाही. तो प्रश्न घेऊन निघा. आजच्या प्रवासात तुम्ही मोठ्या रेट्यापासून सुरुवात करणार आहात आणि इतक्या लहान रेट्यापर्यंत पोचणार आहात की तो मोजताना श्वासही आवरावा लागेल.

श्रीहरिकोटा : २४ जानेवारी २०१०

जमीन हादरते ते आधी तळपायांना समजतं, आवाज नंतर येतो. एस-२०० ची ही पहिली स्थिर चाचणी. बूस्टर मंचाला जखडलेला आहे. त्यानं जाळ ओकायचा, पण जागचं हलायचं नाही. १३० सेकंद तुम्ही त्या धुराच्या लोटाकडे पाहत राहता. सुमारे सहाशे मोजमापं एकाच वेळी नोंदली जात आहेत. त्यांतली सगळ्यांत महत्त्वाची रेषा रेट्याची. तिचा माथा जवळपास पाचशे टनांना भिडतो.

इतका रेटा मोजणं जोखमीचं काम आहे, पण मोजणाऱ्याला एक सवलत असते. जे मोजायचं ते भोवतालच्या सगळ्या गडबडीहून कितीतरी मोठं असतं. एखाद्या तारेची ओढ, वाऱ्याची झुळूक, उन्हानं तापलेला खांब, या सगळ्यांचा मिळून परिणाम त्या पाचशे टनांत शोधूनही सापडणार नाही. ही सवलत लक्षात ठेवा. पुढच्या मुक्कामांवर ती कुणी देणार नाही.

श्रीहरिकोटा : १५ एप्रिल २०१०

तीन महिनेही उलटले नाहीत आणि तुम्ही पुन्हा त्याच किनाऱ्यावर आहात. जीएसएलव्ही-डी३ उड्डाणाला सज्ज आहे. सगळ्यांचं लक्ष त्याच्या वरच्या टप्प्यावर, कारण भारतीय बनावटीचं क्रायोजेनिक इंजिन आज पहिल्यांदा उडणार आहे. तुम्ही मात्र माथ्यावरच्या जीसॅट-४ उपग्रहाकडे पाहा. त्याच्या अंगावर हॉल पद्धतीचे चार विद्युत थ्रस्टर बसवले आहेत. भारतीय उपग्रहावर असली यंत्रं याआधी गेलेली नाहीत. प्रत्येकाचा रेटा मिलिन्यूटनांत मोजायचा, आणि एक मिलिन्यूटन म्हणजे एका दशांश ग्रॅमचं वजन.

उड्डाण होतं, पण क्रायोजेनिक टप्पा साथ देत नाही. यान बंगालच्या उपसागरात कोसळतं. ते चार थ्रस्टर अंतराळात एकदाही न पेटता समुद्रात जातात. ते किती जोरानं ढकलू शकत होते, हे सांगायला मागे उरतं ते फक्त जमिनीवर घेतलेलं मोजमाप.

एवढ्याशा रेट्याचा उपयोग काय, हा प्रश्न इथं उभं राहून मनात येणं साहजिक आहे. हिशेब करून पाहा. रासायनिक इंजिनातला वायू सेकंदाला तीन किलोमीटरच्या आसपास वेगानं बाहेर पडतो. हॉल थ्रस्टरमधले झेनॉन वायूचे आयन सेकंदाला पंधरा ते वीस किलोमीटर वेगानं सुटतात. म्हणजे तेवढंच काम कितीतरी कमी इंधनात होतं. मात्र उपग्रहाच्या सौर पंखांवर मिळणारी वीज मर्यादित, म्हणून रेटा लहान. ३०० मिलिन्यूटनांचा थ्रस्टर चार टनांच्या उपग्रहाला दिवसभर ढकलत राहिला तर त्याचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरनं वाढतो. फार नाही. पण हाच थ्रस्टर दीडशे दिवस न थांबता चालला तर वेग सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटरनं वाढतो. अंतराळात घर्षण नाही. दिलेला प्रत्येक धक्का जमा होत जातो.

आणि चूकही जमा होत जाते. रेट्याच्या मोजमापात दोन टक्क्यांची गफलत राहिली, तर दीडशे दिवसांच्या प्रवासात तीन दिवसांचा फरक पडतो. इंधन किती भरायचं, उपग्रह कामाला कधी लागणार, त्याचं आयुष्य किती, सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. म्हणून तो आकडा मोजण्याची विद्या शिकायला हवी, आणि तिचा पहिला धडा आपल्याच तालुक्यात मिळतो.

इंदापूर तालुका : एक गळीत हंगाम

पहाटेचे चार. थंडी कानांत शिरते आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग लागली आहे, बैलांच्या टायरगाड्या कडेला उभ्या आहेत. एक ट्रॉली काट्यावर चढते. आकडा थरथरतो, मग स्थिरावतो. ऊस गव्हाणीत पडला की तीच ट्रॉली रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. भरलेल्यातून रिकामं वजा. पैसे मिळतात ते या फरकाचे.

काट्याजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे पाहा. तो तीन गोष्टी तपासतो आहे. गाडी चढण्याआधी आकडा शून्यावर होता का? गाडी उतरल्यावर तो शून्यावर परत आला का? आणि प्रमाणित वजनं ठेवून काट्याची तपासणी झाली आहे का? शाळेत तो कितीही शिकलेला असो, मोजमापाचं शास्त्र त्याला पुरतं ठाऊक आहे. थ्रस्टरचा रेटा मोजणारी माणसं हेच तीन प्रश्न विचारतात. फरक इतकाच की त्यांच्या काट्यावर चढणारा माल मिलिग्रॅमभराचा असतो आणि काटा हवेच्या श्वासानंही हलतो.

क्लॅपम, लंडनजवळ : १७९८

आता एका बंद खोलीच्या भिंतीशी उभे राहा. आत जायची परवानगी नाही. हेन्री कॅव्हेंडिश स्वतःही आत जात नाहीत. सहासष्ट वर्षांचे, अत्यंत अबोल गृहस्थ. भिंतीतल्या भोकातून दुर्बीण लावून ते आत पाहत आहेत. ते बाजूला होतात तेव्हा तुम्ही डोळा लावा.

दिव्याच्या उजेडात लाकडी पेटी दिसते. तिच्यात सहा फुटांची एक दांडी बारीक तारेला आडवी टांगलेली. दांडीच्या दोन टोकांना शिशाचे दोन छोटे गोळे, प्रत्येकी पाऊण किलोच्या आसपास. पेटीबाहेर शिशाचे दोन अवजड गोळे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचा. बाहेरून दोरी ओढली की मोठे गोळे सरकून छोट्या गोळ्यांजवळ येतात. मोठा गोळा लहान गोळ्याला आपल्याकडे ओढतो, तार किंचित पिळली जाते, दांडी चार मिलिमीटरांच्या आसपास वळते. हे ओढणारं बल अवघं ०.१७ मायक्रोन्यूटन. मायक्रोन्यूटन म्हणजे मिलिन्यूटनाचा हजारावा भाग. एक मिलिग्रॅम वजनाचं बल दहा मायक्रोन्यूटन भरतं. यावरून हे बल किती क्षीण आहे ते समजून घ्या.

या पिळाच्या तराजूची मूळ कल्पना जॉन मिशेल या धर्मोपदेशकाची. त्यांनी उपकरण तयार केलं, पण प्रयोग करण्याआधी १७९३ मध्ये ते वारले. कॅव्हेंडिश यांनी ते नव्यानं बांधलं आणि प्रयोग तडीस नेला. त्यांची खरी लढाई गुरुत्वाकर्षणाशी नाहीच, ती उष्णतेशी आहे. माणूस खोलीत शिरला तर त्याच्या अंगाच्या उबेनं हवा हलते आणि ती हवा गोळ्यांच्या ओढीपेक्षा जास्त जोरानं दांडीला ढकलते. म्हणून खोली बंद, दोरी बाहेर, डोळा दुर्बिणीला. मोठे गोळे ते एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला नेतात आणि दोन्हींतला फरक घेतात. त्यातून त्यांनी पृथ्वीची घनता काढली: पाण्याच्या ५.४४८ पट. आजच्या आकड्यापासून ती जेमतेम एक टक्का दूर आहे.

सव्वादोनशे वर्षं उलटली. विद्युत थ्रस्टरचा रेटा मोजणाऱ्या अनेक प्रयोगशाळांत आजही हाच पिळाचा तराजू आहे.

वॉलॉप्स बेट, व्हर्जिनिया : २० जुलै १९६४

समुद्रकाठचा तळ. स्काउट नावाचा लहान अग्निबाण उडतो आणि सर्ट-१ हे यान अंतराळाच्या उंबरठ्यापलीकडे जातं. ते कक्षेत फिरणार नाही; वर जाऊन तासाभराच्या आत खाली येईल. त्यावर दोन आयन इंजिनं आहेत, बाजूला उघडणाऱ्या हातांवर बसवलेली.

त्या काळी जाणकारांच्या मनात एक शंका आहे. इंजिन धनभारित आयन बाहेर फेकत राहिलं तर यानावर ऋणभार साचेल आणि तो आयनांना मागे खेचून घेईल. मग रेटा उरणारच नाही. आयनांच्या झोतात इलेक्ट्रॉन सोडून भार मिटवता येतो, असं एका बाजूचं म्हणणं. पण जमिनीवरच्या निर्वात टाकीच्या धातूच्या भिंतींमध्ये ते सिद्ध करता येत नाही, कारण भिंतीच इलेक्ट्रॉन पुरवतात. निकाल अंतराळातच लागायला हवा.

आता पाहा, अंतराळात काटा कुठून आणायचा? उत्तर यानातच आहे. यान स्वतःभोवती फिरतं आहे आणि इंजिनं अशा बाजूला लावली आहेत की त्यांच्या रेट्यानं फिरण्याचा वेग बदलावा. पहिलं इंजिन बिघडतं, त्याचा उपयोग होत नाही. दुसरं, हॅरॉल्ड कॉफमन यांचं, पेटतं आणि एकतीस मिनिटं चालतं. जमिनीवरच्या कागदावर यानाच्या गिरकीचा वेग बदलताना दिसतो. त्या बदलातून रेटा निघतो. शंका मिटते. आयन इंजिन अंतराळात ढकलतं, हे माणसाला आज पहिल्यांदा मोजून कळलं आहे.

निर्वात टाकीत : आजचा काळ

दार बंद होण्याआधी आत जाऊन या. पोलादी टाकी, माणूस उभा राहील एवढी. शेवटच्या भिंतीवर ग्रॅफाइटच्या पाट्या लावल्या आहेत, कारण आयनांचा मारा धातूचे कण उडवतो आणि ते थ्रस्टरवर परत येऊन बसतात. मधोमध काटा. इंग्रजीत त्याला थ्रस्ट स्टँड म्हणतात. थ्रस्टर एका मंचावर बसवला आहे, मंच पातळ लवचीक पट्ट्यांवर तोलला आहे. काही ठिकाणी तो लंबकासारखा टांगतात, काही ठिकाणी उलट्या लंबकासारखा पट्ट्यांवर उभा करतात, आणि रेटा फारच लहान असेल तर कॅव्हेंडिश यांच्यासारखा पिळावर ठेवतात. थ्रस्टरनं ढकललं की मंच सरकतो, मायक्रॉनभर किंवा त्याहून थोडा जास्त. लेझर किंवा विद्युत संवेदक ते सरकणं टिपतो.

बोट लावू नका, पण नीट निरखा. मंचाला येऊन मिळणारी झेनॉनची नळी पाहा. विजेच्या तारा पाहा. अडचणीचं मूळ तिथं आहे. नळी आणि तारा स्प्रिंगसारख्या वागतात. नळीत दाब भरला की ती सरळ व्हायला बघते आणि मंचाला ढकलते. तार तापली की तिचा ताठरपणा बदलतो. म्हणून कुशल तंत्रज्ञ त्या विशिष्ट वळणानं बांधतात, आणि अगदी नाजूक काट्यावर तार मंचाला टेकवतच नाहीत; द्रवरूप धातूच्या लहानशा वाटीत टोक बुडवून वीज पोचवतात. मंचाखाली तांब्याची पट्टी आणि चुंबक आहे. मंच हेलकावे घेऊ लागला की पट्टीत प्रवाह उठतात आणि हेलकावा शमतो.

आता बाहेर या. दार बंद झालं. पंप सुरू झाले. हवा उपसायला तासन्‌तास लागतात. झेनॉन ओढून घ्यायला आत अतिथंड पत्रे आहेत, त्यांवर तो वायू गोठून बसतो. पडद्यावर एक रेषा सरकते आहे, तीच काट्याची. अजून काहीही पेटलेलं नाही, तरी रेषा डोलते. पंपाची कंपनं, बाहेर कुणी चाललं की जमिनीला येणारा सूक्ष्म कल, टाकीची भिंत थंड होताना तिचं आकसणं, सगळं तिच्यात उतरतं.

मग तपासणी. बारीक धाग्याला ओवलेली ठरावीक वजनं छोटी मोटर एकेक करून कप्पीवरून सोडते. पहिलं वजन, रेषा एक पायरी चढते. दुसरं, आणखी एक. मग एकेक वजन उचललं जातं आणि पायऱ्या उतरतात. चढताना आणि उतरताना पायऱ्या जुळल्या पाहिजेत. वजनांनी जमणार नाही इतकं लहान बल हवं असेल तिथं दोन कंगव्यांसारख्या धातूच्या पट्ट्या एकमेकींत न टेकता सरकवतात आणि त्यांना ठरावीक व्होल्टेज देतात. त्यांच्यातल्या विद्युत ओढीचं बल गणितानं ठाऊक असतं.

थ्रस्टर पेटतो. काचेच्या झरोक्यातून निळसर झोत दिसतो. सिरॅमिकच्या कंकणाकृती खोबणीत इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकून गोल फिरत आहेत, झेनॉनच्या अणूंना धडकून त्यांचे आयन करत आहेत, आणि काहीशे व्होल्टचा दाब त्या आयनांना बाहेर फेकतो आहे. रेषा वर उडी घेते. टाळी वाजवायची घाई करू नका. काही मिनिटांत रेषा आपोआप वर सरकू लागते. रेटा वाढलेला नाही. थ्रस्टर तापला आहे, मंच तापतो आहे, पट्ट्या तापत आहेत. शून्य स्वतःच जागा सोडून चाललं आहे.

म्हणून झेनॉन आणि वीज एकदम बंद करतात. रेषा खाली कोसळते. ती कुठं येऊन थांबते ते महत्त्वाचं. बंद होण्याच्या क्षणाआधीचा आणि नंतरचा फरक, तोच रेटा. भरलेल्यातून रिकामं वजा. मग लगेच पुन्हा वजनं सोडून पाहायची, गरम काटा थंड काट्यासारखाच वागतो का. एवढं केल्यावरही एक हिशेब उरतो. टाकीत कितीही पंप लावले तरी थोडा झेनॉन शिल्लक राहतो. तो थ्रस्टरमध्ये शिरतो, आयन होतो आणि फुकटचा रेटा देतो, जो अंतराळात कधीच मिळणार नाही. म्हणून जबाबदार प्रयोगशाळा रेट्याबरोबर टाकीतला दाब आणि आकड्यातली अनिश्चितता लिहिते. त्याशिवाय रेट्याचा आकडा अर्धवट आहे.

ड्रेस्डेन, जर्मनी : २०२१

शून्याकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं ते इथं समजतं. काही वर्षांपूर्वी एका यंत्राची जगभर चर्चा झाली. तांब्याचा बंद शंकू, आत सूक्ष्मलहरी, इंधन काहीच नाही, तरी म्हणे रेटा मिळतो. त्याचं नाव एमड्राइव्ह. २०१६ मध्ये नासाच्या एका गटानं दर किलोवॉटला १.२ मिलिन्यूटन रेटा मोजल्याचं शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. खरं असतं तर गतीचे नियमच बदलावे लागले असते.

ड्रेस्डेनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात मार्टिन तायमार आणि त्यांचे सहकारी पिळाच्या तराजूवर ते यंत्र पुन्हा पुन्हा मोजत आहेत. २०१८ मध्ये त्यांनी शंकूत जाणारी शक्ती जवळजवळ तोडून टाकली, तरी काट्यावर तोच रेटा दिसत राहिला. म्हणजे रेटा शंकूचा नव्हताच. विजेच्या तारांमधला प्रवाह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी झगडत होता, त्याची ती ढकल होती. आता, २०२१ मध्ये, उरलेलाही उलगडा झाला. यंत्र तापून त्याची बैठक किंचित वाकत होती आणि तोल सरकत होता. टांगण्याची पद्धत बदलली आणि रेटा नाहीसा झाला.

इथं पराभव कुणाचाच नाही. ज्या माणसांनी काट्याचा प्रत्येक खोटा आवाज शोधून काढला, त्यांनी जगाची कित्येक वर्षांची वणवण वाचवली.

पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर : २०१६

खाली काही नाही, वर काही नाही. तुमच्यापुढे लिसा पाथफाइंडर तरंगतं आहे, ३ डिसेंबर २०१५ रोजी सुटलेलं. त्याच्या पोटात सोनं आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचे दोन ठोकळे, प्रत्येकी सुमारे दोन किलोचा, एकमेकांपासून ३८ सेंटिमीटरवर, कशालाही न टेकता. यानानं त्यांच्याभोवती असं राहायचं की त्यांना त्याचा स्पर्श कधीच होऊ नये. पण सूर्याचा प्रकाश यानाला सतत किंचित ढकलतो. ती ढकल मोडून काढायला तेवढाच सूक्ष्म रेटा हवा. यानावर बसवलेले नासाचे कोलॉइड थ्रस्टर विद्युतभारित द्रवाचे थेंब फेकतात आणि ५ ते ३० मायक्रोन्यूटन रेटा देतात. इथं काटा म्हणजे तेच सोन्याचे ठोकळे. थ्रस्टरला ठरावीक लयीत कमीजास्त व्हायला सांगतात आणि ठोकळ्यांच्या तुलनेत यान किती हललं ते लेझरनं पाहतात.

ही सगळी धडपड लिसा या पुढच्या मोहिमेत गुरुत्वीय लहरी अंतराळातून ऐकण्यासाठी आहे. तिचा एक धागा पुण्यात आहे. लिसाच्या लेझरमधला गोंगाट गणितानं कसा पुसायचा, याची बीजगणितीय रीत २००२ मध्ये संजीव धुरंधर यांनी पुण्याच्या आयुका या संस्थेतून, राजेश नायक आणि जाँ-इव्ह विने यांच्यासह मांडली. युरोपीय अवकाश संस्थेनं जानेवारी २०२४ मध्ये लिसा मोहिमेला अंतिम मान्यता दिली. गणित पुण्याचं चालतं, तर काटा आपला का नसावा?

श्रीहरिकोटा आणि पुढं : २०१६ ते २०२५

झपाट्यानं तीन दिवस पाहून घ्या. २२ जून २०१६ : पीएसएलव्ही-सी३४ वीस उपग्रह घेऊन उडतं. त्यांत स्वयम आहे, पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, ९९० ग्रॅम वजनाचा. त्यावर इंजिन नाही; तो चुंबकाच्या आधारानं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी दिशा जुळवतो. ५ मे २०१७ : जीसॅट-९ कक्षेत पोचतो, आणि जीसॅट-४ चं अधुरं राहिलेलं काम पुरं होतं; विद्युत प्रणोदन भारतीय उपग्रहावर चालतं. मार्च २०२५ : इस्रो जाहीर करते की ३०० मिलिन्यूटनांच्या प्लाझ्मा थ्रस्टरनं निर्वात टाकीत ५.४ किलोवॉटवर हजार तास पूर्ण केले. हजार तास म्हणजे बेचाळीस दिवसांची चाकरी. त्या काळात खोबणीचं अस्तर किती झिजतं ते अधूनमधून तपासलं गेलं. तंत्रज्ञान-प्रात्यक्षिक उपग्रहावर हा थ्रस्टर जायचा आहे.

आणि उपग्रहांची गरज आपल्या दारात आली आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उपग्रहाची चित्रं, जमिनीतले संवेदक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या जोरावर ऊसशेतीचा प्रयोग उभा केला आहे. शेतावर नजर ठेवणारे उपग्रह जितके खालून फिरतील तितकं चित्र स्पष्ट, पण तितका विरळ हवेचा अडथळाही जास्त. कक्षेत टिकून राहायला त्यांना सतत छोटा रेटा लागतो. युरोपच्या गोसे उपग्रहानं २००९ पासून चार वर्षं अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या उंचीवर आयन इंजिनाच्या बळावर हे करून दाखवलं.

बारामती : आज

प्रवास संपला. तुमच्या हाती आता एक काम आहे.

बारामतीत आणि इंदापूर तालुक्यात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. शेजारी वालचंदनगरसारखी कारखानदारी आहे, जिथं पोलादाला मिलिमीटराच्या शिस्तीत ठेवणारे हात आहेत. २०२० पासून इन-स्पेस ही संस्था खासगी उद्योगांना आणि शिक्षणसंस्थांना इस्रोच्या सुविधांची दारं उघडते आहे. थ्रस्टर बांधायला मोठी टाकी, झेनॉन आणि मोठा पैसा लागतो, हे खरं. काटा बांधायला त्यातलं फार थोडं लागतं.

पहिल्या वर्षी थ्रस्टर नकोच. टंगस्टनची बारीक तार घ्या, हलकी दांडी टांगा, तिला आरसा चिकटवा, आरशावर लेझर सोडा आणि समोरच्या भिंतीवर ठिपक्याची जागा नोंदवा. सगळं काचेच्या पेटीत ठेवा. रात्रभर नुसतं शून्य मोजा. ते का सरकलं ते शोधा: दार उघडलं म्हणून, पंखा लागला म्हणून, पहाटे गारठा पडला म्हणून. दोन धातूच्या पट्ट्यांना व्होल्टेज देऊन ठरावीक बल लावा आणि दांडी प्रत्येक वेळी तेवढीच वळते का ते पाहा. दुसऱ्या वर्षी हे सगळं लहान निर्वात घंटेत न्या. तिसऱ्या वर्षी तुमचा काटा किती मायक्रोन्यूटनपर्यंत विश्वासानं बोलतो ते आकड्यानिशी, अनिश्चिततेसह छापा. ज्यांच्याकडे थ्रस्टर आहे त्यांना असा काटा लागतोच, आणि तो असलेल्या जागा देशात थोड्याच आहेत.

मोठ्या अग्निबाणाचं कवच घडवणाऱ्या मुलखानं लहान रेट्याचं वजनही करावं. यंदा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची यादी लावताना प्राध्यापकांनी त्यात एवढी एक ओळ जरूर घालावी: मायक्रोन्यूटन मोजणारा पिळाचा तराजू. विद्यार्थ्यांनी ती निवडावी आणि चिकाटीनं तडीस न्यावी.